कोकरेवस्तीच्या चिठ्ठ्या

आप्पांच्या स्मृतिदिनाला मुख्य भाषण यमुनाचं असतं आणि आभार मी मानते. आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूरच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, तिथून आमदार झाले आणि पुढे खासदार होऊन दिल्लीला गेले. यमुना त्यांची विद्यार्थिनी आणि मी मुलगी. पत्रिकेत तिच्या नावाआधी 'प्राचार्या' छापतात, माझ्या नावाआधी 'सौ.', आणि आभारांना दोन मिनिटं असतात. यंदा मी सात मिनिटं घेतली. मांडववाला खुर्च्या उचलायला लागला तरी मी बोलतच होते. कार्यक्रमानंतर यमुना पुण्याला लेकीकडे निघाली होती, वाटेत मला सणसवाडीला मुलाच्या घरी सोडणार होती. गाडीत म्हणाली, "शैले, आज लई बेस बोललीस गं. माझ्यापेक्षा." हे ती अगदी मनापासून म्हणाली आणि हीच तर तिची खोड आहे. तिला तिथंच खाली उतरवावं असं मला वाटलं, पण गाडी तिची होती.

माझी साठी उलटून बरीच वर्षं झाली. गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, जेवणातलं तिखट सुटलं, पण पोटातलं हे दुखणं काही सुटलं नाही. लोकांना वाटतं, आमदारांची, खासदारांची मुलगी म्हणजे हिला काय कमी होतं. कमी काही नव्हतं. जे होतं ते वाटून घ्यावं लागायचं आणि मला वाटून घ्यायची सवय नव्हती. ते सगळं कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. यमुना हे वाचेल, याची मला कल्पना आहे.

तेव्हा आम्ही शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, भाड्याच्या घरात राहायचो. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे नळ आणि नळाशी जाईचा वेल. घरात आवाज म्हणाल तर आईचा स्टोव्ह आणि आप्पांचं तांबडी पेन्सिल तासायचं पातं. विद्यापीठाचे पेपर तपासायला आले की महिनाभर घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. सुतळीनं बांधलेले गठ्ठे कॉटखाली, आप्पा चटईवर मांडी घालून बसलेले आणि त्यांच्या शेजारी मी. गुणांची बेरीज बरोबर आहे का ते बघायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना एक नाद होता. पेपर हातात धरून लिहिणारा माणूस कसा आहे ते सांगायचे. हा डावखुरा आहे, ही मुलगी घाईत असते, याला कुणीतरी फार मारलेलं दिसतंय. पेपर आपल्याच कॉलेजातल्या परीक्षेचा असला की पुढे तो मुलगा भेटायचा आणि आप्पांचं बरोबर निघायचं. माझ्या वहीकडे बघून ते फक्त एवढंच म्हणायचे, "शैलूचं अक्षर म्हणजे छापखाना." माझं त्यांनी केलेलं कौतुक ते एवढंच. ते कमी पडत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण दुसऱ्या कुणाचं ते तेवढंही करत नसत.

यमुना आली ती एका दुपारी, आप्पांच्या मागे चालत, काखेत घोंगडी आणि हातात हुलग्याची पिशवी घेऊन. पाबळच्या पुढे माळावर कोकरेवस्ती आहे, तिथली. घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की वस्तीतली निम्मी माणसं मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. त्या वस्तीतून कॉलेजात आलेली ही पहिली मुलगी. राहायची सोय होईना म्हणून आप्पांनी तिला सरळ घरी आणलं. "आजपासून यमुना इथं राहील. शैलू, तुझ्या शेजारी तिचं अंथरूण," ते म्हणाले. मला विचारलं नाही. घोंगडीला लोकरीचा उग्र वास यायचा. मी आठ दिवस नाकाला पदर लावून झोपले. नवव्या दिवशी थंडी वाढली आणि तिनं झोपेतच ती घोंगडी माझ्या अंगावर ओढली. मी ती काढून टाकली नाही, हे मात्र खरं.

आमच्या ओट्यालगतच्या भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा होता. संध्याकाळी आप्पा मला त्याच्यासमोर उभं करून प्रश्न विचारायचे. हा आमचा जुना खेळ होता. यमुना आल्यावर एकदा त्यांनी वेळ नदी कुठून कुठं जाते ते विचारलं. मी पुस्तकात होतं तसं घडाघडा सांगितलं. यमुना दारात भाजी निवडत होती. ती उठली, ओलं बोट नकाशावर ठेवून म्हणाली, "सर, हितनं फुडं पानी नसतं. नकाशात निळी रेघ हाय, पर चैतापासनं नदी कोरडी. मेंढरं न्यायची तर हिकडनं न्यावी लागत्यात." आप्पांनी चष्मा वर केला. मग त्यांनी तिला एकेक ओढा, एकेक खिंड विचारायला सुरुवात केली आणि तिची ओली बोटं नकाशाभर फिरत राहिली. मी तिथंच उभी होते. जेवायला हाक आली तेव्हा आप्पा मला म्हणाले, "बघ शैलू, हा खरा भूगोल." त्या रात्री मी जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्वयंपाकघरही गेलं. माझी आई यवतची, माहेरी उसाची शेती आणि गुऱ्हाळ. तिच्या हाताला चव होती आणि स्वयंपाकघरात ती कुणाला लुडबुड करू द्यायची नाही. यमुनानं महिन्याभरात भाकरीचा ताबा घेतला. सकाळी मी उठायच्या आत तिच्या भाकरीचा थपथप आवाज सुरू झालेला असायचा, अजून तो कानात आहे. एकदा तिनं हुलग्याचं माडगं केलं, पातळ, लसूण घातलेलं. एरवी आईच्या हातची अळूची भाजीही ताटात तशीच टाकणारे आप्पा दोन वाट्या माडगं प्याले. मी म्हटलं, "हुलगे घोड्याला घालतात." आप्पा म्हणाले, "घोडनदीच्या माणसांनी तरी घोड्यांना नावं ठेवू नयेत." सगळे हसले. यमुनाही हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग निवडणूक आली. दुष्काळात आप्पांनी कॉलेजची मुलं घेऊन गावोगाव बांध घातले होते, नकाशा बघून जागा त्यांनी दाखवल्या होत्या आणि पुढच्या पावसात तिथं पाणी थांबलं होतं. लोक घरी येऊन म्हणायला लागले, "सर, आता तुमीच उभं ऱ्हावा." आप्पांना भाषण करता यायचं, राजकारण येत नव्हतं. म्हणून त्यांनी निवडणूक कॉलेजसारखी चालवली. सकाळी सातला ओट्यावर हजेरी. धोतर-पटक्यातले, मिशीवाले गडी रांगेत बसून "हजर, सर" म्हणायचे. आमच्या गल्लीतले पैलवान नाना उशिरा आले की आप्पा त्यांना दारात उभं करायचे आणि नाना उभे राहायचे. आई परातभर पोहे करायची. यवतच्या मामांनी गुळाच्या ढेपा पाठवल्या होत्या, त्याचा चहा दिवसभर पातेल्यात उकळत असायचा. घरात गुळाचा, बिडीचा आणि छापील पत्रकांच्या शाईचा मिळून एक वास भरून राहिला होता. आप्पा माझ्यासमोरून दिवसातून वीसदा जायचे, पण मी दिसायची नाही.

एक काम मात्र त्यांनी मला दिलं. मतदार यादीतून प्रत्येकाचं नाव, यादीतला क्रमांक आणि मतदान कुठल्या शाळेत, हे तळहाताएवढ्या कागदावर हातानं लिहून घरोघर वाटायचं असे. आप्पांचा त्यात एक नियम होता. बाईचं नाव पूर्ण लिहायचं. कुणी 'गणपतची बायको' असं लिहिलं की ते कागद फाडून टाकायचे. "जिचं नाव उभ्या जन्मात कुणी कागदावर लिहिलं नाही, तिला ते नीट लिहून दिलं तर ती उन्हातान्हात चालत येईल," ते म्हणायचे. सगळ्यांसमोर म्हणाले, "चिठ्ठ्या शैलू बघेल. तिचं अक्षर छापखाना आहे." यमुनाचं अक्षर मेंढरं उधळल्यासारखं होतं, तिला फक्त कागद कापायला बसवलं. मी पंधरा दिवस मान वर न करता लिहीत होते. बोटाला घट्टा पडला होता, तो मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

शेवटची सभा शिरूरच्या बाजारतळावर होती. शाळेत असताना मी वक्तृत्वाची ढाल आणली होती, ती अजून कपाटावर होती. त्या सभेसाठी मी भाषण पाठ केलं होतं, नळाशी कपडे धुताना जाईच्या वेलाला म्हणून दाखवायची. सभेच्या आदल्या दिवशी आप्पांना म्हटलं, "आप्पा, उद्या मी बोलू?"

"काय बोलशील?"

"तुमच्याबद्दल."

"माझी मुलगी माझ्याबद्दल चांगलंच बोलणार. त्यात लोकांना नवं काय? यमुनाला बोलू दे."

"तिला बोलता तरी येतं का?"

"न्हाई येत," यमुना आतून म्हणाली. भाकरीचा आवाज थांबला नव्हता. "सर, शैलालाच बोलू द्या. मला लई भ्या वाटतं."

"म्हणूनच तू बोल," आप्पा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

ती बोलली. मी बायकांच्या घोळक्यात आईशेजारी बसले होते आणि ती अडखळावी म्हणून मनात देवाचा धावा करत होते. माईकला घाबरून ती लांब उभी राहिली, तिला पुढं ढकलावं लागलं. "माझ्या आईला कुनी कवा नाव इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "सर वस्तीवर आले, तवा पयलं तिला इचारलं, बाई, तुमचं नाव काय? तिला सांगाया लाज वाटली. सर उभंच ऱ्हायलं. मग ती म्हनली, भागू. आन् मंग सरांनी माझ्या कॉलेजचं काढलं." एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मला ढाल मिळाली तेव्हा ते पहिल्या रांगेत होते, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला नव्हता. मी नीट बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा गठ्ठा लिहायला घेतला तो कोकरेवस्तीचा. वस्तीचं मतदान पाबळच्या शाळेत होतं. मी प्रत्येक चिठ्ठीवर माळापलीकडच्या खालच्या वाडीची शाळा लिहिली. घाईनं नाही, रागाच्या भरातही नाही. नेहमीसारखं सावकाश, सुवाच्य. आप्पांना पाडायचं माझ्या मनात नव्हतं. एवढीशी वस्ती, तिनं काय होतंय असा हिशेब होता. फक्त एकच व्हायला हवं होतं. संध्याकाळी कुणीतरी येऊन आप्पांना सांगावं की सर, तुमच्या यमुनाची माणसं काही मतदानाला आली नाहीत. सौ. भागूबाई कोकरे हे नाव लिहिताना मी दौतीत टाक नव्यानं बुडवला, ते मला आठवतं. नानांनी तो गठ्ठा सायकलवरून वस्तीवर पोचवला. शाळा दर खेपेला बदलायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. यमुनाला आप्पांनी शिरूरच्याच केंद्रावर बसवलं होतं.

मतदानाच्या दिवशी दिवेलागणीला आप्पा जीपमधून उतरले, पाय धुतले आणि चहा न घेता आतल्या खोलीत जाऊन बसले. आई घाबरली. नानांनी तिला ओट्यावर उभ्या उभ्या सांगितलं, आणि मी दाराआडून ऐकलं.

"वैनी, खालच्या वाडीला गेलतो आमी. शाळा बंद व्हाया आलती. पायरीवर यक बाई बसल्याली. यमुनाची आय. कोकणातनं आलीया, दोन दिस, निम्मी वाट चालत. कोकरेवस्तीची समदी सकाळीच वाडीला आलती, तिथल्या पोरांनी सांगितलं, तुमची नावं हितं न्हाईत, पाबळला जावा. बाकीची गेली. ही उठंना. म्हनली, सरांनी लिवून दिलंय. सर चुकीचं लिवत न्हाईत, तुमीच चुकताय. दिवसभर तिथंच. भाकर बी तिथंच खाल्ली. सरांना बघून म्हनती कशी, आला व्हय सर? सांगा आता ह्यांना."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय. पाबळ कुठं, वाडी कुठं. टाइम झाला हुता."

मी दाराआड उभी होते ती तशीच राहिले. हे असं होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माणसं चुकीच्या शाळेत जातील, चिडतील, घरी परततील, एवढंच मी धरलं होतं. माझ्या कागदावर कुणी माणसाच्या तोंडच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास ठेवील हे मला कसं कळावं. आणि विश्वास माझ्यावर नव्हता, आप्पांवर होता, हेही तेव्हाच टोचलं. एवढ्या भीतीतही टोचलं.

आप्पा बाहेर आले आणि ती चिठ्ठी त्यांनी आमच्या दोघींच्या मधे चटईवर ठेवली. घामानं मऊ झाली होती. "ही कुणी लिहिली?" ते म्हणाले. पेपरातल्या एका ओळीवरून माणूस ओळखणारा माणूस हे विचारत होता. मी चटईची एक काडी उपसत राहिले.

"म्या लिवली, सर," यमुना म्हणाली. "शैला जेवाया उठली हुती तवा. गडबडीत चुकलं."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिठ्ठी उचलून खिशात ठेवली. "बरं," म्हणाले आणि आत गेले. मी यमुनाला विचारलं, का खोटं बोललीस म्हणून. ती म्हणाली, "मला काय, चार शिव्या बसल्या आस्त्या. तुला सोसल्या नसत्या." तिच्या आईचं मत माझ्यामुळे गेलं होतं आणि ती हे बोलत होती. त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला वाटलं, हिनं यातही माझ्यावर कडी केली.

आप्पा निवडून आले. गुलाल, हलगी, ओट्यावर पेढ्यांची खोकी. मी कोपऱ्यात बसून, आता बोलतील, मग बोलतील, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर हारवाले ताटकळत होते आणि आप्पा आम्हा दोघींना म्हणाले, "चपला घाला." जीप नको म्हणाले. एसटीनं पाबळ, तिथून माळावरून चालत कोकरेवस्ती. त्यांच्या कानामागे अजून गुलाल होता. 

भागूबाई वस्तीवरच होती. लेकीच्या सरांचा निकाल ऐकून मगच कोकणात परतायचं म्हणून थांबली होती. काळीसावळी, उंच, हातात सूत कातायची चाती. लोक जमले, कुणीतरी हार आणायला पळालं. आप्पांनी त्यांना थांबवलं. निवडणुकीपासून त्यांच्या डोक्यावर टोपी आली होती, ती काढून हातात घेतली. "भागूबाई," ते म्हणाले, "चिठ्ठी चुकीची लिहिली गेली. चूक माझ्याकडून झाली. तुमचं मत गेलं."

भागूबाई ओशाळली. "सर, तुमी कशाला चुकताल? मला वाचाया येत न्हाई. म्याच उलटी धरली आसंल चिठ्ठी." आणि हसणाऱ्या पोरांना तिनं दटावलं, "हासू नगा रं."

तिथं मला राहवेना. आप्पांनी टोपी काढलेली बघूनही मी गप्प राहिले असते, एवढी मी मनानं वाईट होते. पण ती बाई चिठ्ठी उलटी धरल्याचा दोष स्वतःवर घेत होती. मी म्हटलं, "मावशी, चिठ्ठी मी लिहिली. चुकून नाही. मुद्दाम लिहिली."

"मुद्दाम? का गं?"

वक्तृत्वाची ढाल आणली होती मी, पण तोंडातून एवढंच आलं, "यमुनाचा राग आला होता."

भागूबाईनं लेकीकडे बघितलं. "हिचा राग येतुयाच," ती म्हणाली. "मला बी येतुया." मग चाती फिरवायची थांबवून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "पर माझं मत गेलं की गं. दोन दिस चालून आलते." आवाज चढवला नाही. असू दे, झालं गेलं, असलं काही ती म्हणाली नाही आणि म्हणाली नाही ते बरंच झालं. थोड्या वेळानं आप्पांपुढे हात करून म्हणाली, "सर, ती चिठ्ठी द्या माझी. नाव हाय तिच्यावर माझं." आप्पांनी खिशातून काढून दिली. तिनं घडी घालून कमरेच्या चंचीत ठेवली आणि आमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेली.

परतीच्या एसटीत तिघांच्या बाकावर मी खिडकीशी, मधे आप्पा, पलीकडे यमुना. आता माझी वेळ आली हे मला माहीत होतं. मी तयार होते. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. गाडी सुटली आणि आप्पा कडाडले, पण तोंड यमुनाकडे होतं. "माझ्याशी पुन्हा खोटं बोललीस तर घरात घेणार नाही. कुणाची चूक पोटात घालणं म्हणजे माया नव्हे. आईचं मत गेलं तरी तुला खरं बोलता येत नाही, आणि मी तुला शिकवतो काय मग? कळलं का?" सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. यमुना शिक्रापूरला गाडी बदलेपर्यंत रडत होती. आप्पांनी तिला रुमाल दिला.

मला ते म्हणाले, "शैला, खिडकी लाव. धूळ येते." शैलू नाही, शैला. मी खिडकी लावली.

नकाशाच्या वेळी, माडग्याच्या वेळी, बाजारतळावरच्या टाळ्यांच्या वेळीही मला यमुनाचा जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या एसटीत वाटला. तिला ते रागावले. तिच्यावर त्यांनी गाडीभर लोकांसमोर आवाज चढवला, जसा बाप चढवतो. माझ्याशी मात्र ते पाहुण्याच्या मुलीशी बोलावं तसं बोलू लागले. अधिवेशनाला मुंबईला गेले की येताना दोघींना सारखंच काही आणायचे. माझी विचारपूस करायचे. छापखाना हा शब्द पुन्हा घरात ऐकू आला नाही आणि पुढच्या आमदारकीच्या वेळी चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे आलं नाही.

परवा सणसवाडीत मुलाच्या फोनवर मतदानाची चिठ्ठी आली. नाव, क्रमांक, शाळा, शाळेचा नकाशासुद्धा. मुलानं बांधलेल्या चाळीत खोल्या भाड्यानं घेतलेली कंपनीतली बिहारची मुलं, त्यांचीही नावं आता इथल्याच यादीत आहेत, एकमेकांना आपापली चिठ्ठी दाखवून हसत होती, कुणाचं नाव कसं छापलंय म्हणून. मी नातीला म्हटलं, ही चुकली तर? ती म्हणाली, "आजी, ही चुकत नाही." भागूबाई हेच म्हणाली होती. 

आप्पा लोकसभेला उभे राहिले तोवर माझं लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या वसाहतीत राहत होते. नवरा गार्ड होता. कडेवर मूल घेऊन मी निवडणुकीला शिरूरला आले. यमुना तेव्हा आप्पांच्याच जागेवर, त्यांच्याच कॉलेजात भूगोल शिकवत होती. चिठ्ठ्यांची देखरेख तिच्याकडे होती. ओट्यावर पंचवीस माणसं, पोह्यांची परात, तोच गुळाचा चहा. मी एका कडेला मुलाला भरवत बसले होते. आप्पा बाहेरून आले. केस पांढरे झाले होते, चालणं तसंच होतं. त्यांनी यमुनापुढचे गठ्ठे चाळले, त्यातून एक ओढून काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. कोकरेवस्ती.

"शैलू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शाळेचं नाव दोनदा बघून लिही. मागं तू चुकीची शाळा घातलीस आणि ती बाई दिवसभर पायरीवर बसून राहिली. लाज वाटायला हवी होती. मुलगी कुणाची आणि वागलीस कशी. पुन्हा असं केलंस तर या घराची पायरी चढायची नाही."

 माझा नवरा तिथंच होता, नाना होते, कॉलेजची पोरंपोरी होती. माझं तोंड तापून लाल झालं. मूल रडायला लागलं, ते मी आईकडे दिलं आणि टाक हातात घेतला. सौ. भागूबाई कोकरे. शाळेचं नाव यादीत दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं आणि लिहिलं. आप्पा माझ्या पाठीमागे उभे होते. चिठ्ठी पुरी होईपर्यंत ते हलले नाहीत.

मी तिरक्या नजरेनं यमुनाकडे पाहिलं. ती कोपऱ्यात कागद कापत बसली होती. तिला ते त्या दिवशी एक शब्दही बोलले नव्हते. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.